एर्चिम: चौथ्या वीजकेंद्राची टीम

मंगोलियाच्या फुटबॉल लीगच्या विजेत्यांची यादी वाचायला घेतली की बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत चालल्यासारखं वाटतं. १९९७ देल्गेर. १९९९ आयटीआय बँक-बार्स. २००६ खासीन खुलगुद. एक दुकान उघडतं, दिवाळी जोरात करतं आणि दोन-तीन वर्षांनी तिथे दुसरीच पाटी दिसते. या यादीत एकच नाव सतत परत येतं, ते म्हणजे एर्चिम. १९९६, १९९८, २०००, २००२ असं सुरुवातीला एक वर्ष आड, मग २००७ आणि २००८, मग २०१२ आणि २०१३, मध्ये एक वर्ष सोडून २०१५ ते २०१८ सलग चार. तेवीस हंगामांत बारा विजेतेपदं. उरलेली अकरा इतर टीमांनी वाटून घेतली.

एर्चिम या मंगोल शब्दाचा अर्थ ऊर्जा. नाव काव्यात्म वाटलं तरी त्यात काव्य नाही. ही टीम १९९४ मध्ये उलानबातरच्या चौथ्या औष्णिक वीजकेंद्राची टीम म्हणून सुरू झाली. आपल्याकडे एखाद्या कारखान्याच्या टीमचं नाव ‘उत्पादन’ ठेवावं, तसलाच हा प्रकार.

या प्रकरणात पाहायचं ते एवढंच, की जिथे पैसेवाले क्लब आले आणि गेले तिथे एका वीजकेंद्राची टीम पाव शतक वर कशी राहिली, आणि मग ती पहिल्या जागेवरून कशी उतरली.

आधी थोडा नकाशा

मंगोलिया आकाराने महाराष्ट्राच्या पाचपट आणि माणसं जेमतेम ३५ लाख. त्यातली जवळपास निम्मी एकट्या उलानबातरमध्ये. वार्षिक सरासरी तापमान पाहिलं तर जगातली सर्वात थंड राजधानी हीच. जानेवारीत रात्री उणे ३० च्या खाली जाणं ही तिथे बातमी नसते. जमीन मैलोन् मैल मोकळी असूनही वर्षातले निम्म्याहून जास्त महिने ती फुटबॉलच्या उपयोगाची नसते, कारण गोठलेल्या मातीवर चेंडू दगडासारखा उडतो.

त्यात देशाचं मन दुसरीकडे गुंतलेलं. जुलैच्या नादाम उत्सवात कुस्ती, घोड्यांच्या शर्यती आणि तिरंदाजी हे ‘पुरुषांचे तीन खेळ’. पुढे जपानच्या सुमो आखाड्यात असाशोर्यू आणि हाकुहो यांच्यासारखे मंगोल योकोझुना, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च पदाचे मल्ल, गाजले. २००८ मध्ये बीजिंगला देशाला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं, तेही जुदोत. म्हणजे फुटबॉल घरातलं धाकटं पोर. त्याचं कौतुक असतं, पण शेत त्याच्या नावावर करत नाहीत.

फुटबॉल फेडरेशन १९५९ चं. १९६० मध्ये राष्ट्रीय संघ काही सामने खेळला आणि त्यानंतर १९९८ पर्यंत एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही. अडतीस वर्षं! देशात मात्र खेळ चालू होता. समाजवादी काळातल्या टीमांची नावं पाहिली की तो कोणाच्या जिवावर चालत होता हे लगेच कळतं. खुदुलमुर म्हणजे श्रम. अजिलचिन म्हणजे कामगार. झामचिन म्हणजे रेल्वेवाले. अल्दार ही सैन्याची टीम. ज्याच्याकडे पगारपत्रक, त्याच्याकडे टीम.

१९९० मध्ये ती व्यवस्था कोसळली. सोव्हिएत मदत आटली, दुकानांतला माल संपला, रेशनकार्डं आली. खात्यांना स्वतःचे कामगार पोसणं जड झालं होतं, तिथे फुटबॉल टीमचं कोण बघणार? एर्चिमचा जन्म असा नेमक्या उलट्या काळातला आहे.

बंद न होऊ शकणारा मालक

चौथं वीजकेंद्र सोव्हिएत मदतीने बांधलेलं, १९८३ मध्ये सुरू झालेलं आणि देशातलं सर्वात मोठं. बागानुर आणि शिवे-ओवो इथल्या खाणींतून रेल्वेने कोळसा येतो. तिथून नुसती वीज निघत नाही. शहरातल्या पक्क्या इमारतींना लागणारं गरम पाणीही निघतं. हे पाणी जाडजूड आवरण घातलेल्या पाइपांतून शहरभर फिरतं. हे पाइप बऱ्याच ठिकाणी जमिनीवरूनच गेलेले दिसतात, रस्ता आला की कमान करून वरून जातात. उलानबातरमध्ये अधिकृत हीटिंगचा हंगाम १५ सप्टेंबर ते १५ मे असा असतो, म्हणजे वर्षाचे आठ महिने.

अशा शहरात बँक बुडू शकते, व्यापारी कंपनी दिवाळं काढू शकते, मंत्रालयाचं नाव बदलू शकतं. वीजकेंद्र बंद पडून चालत नाही. ते बंद पडलं तर एका रात्रीत पाइप फुटतात आणि माणसं मरतात. १९९० च्या दशकातल्या त्या पडझडीतही केंद्र रडतखडत का होईना, चालू ठेवावंच लागलं.

माझ्या मते एर्चिमच्या टिकण्याचं मूळ इथे आहे. या टीमचा मालक सर्वात श्रीमंत कधीच नव्हता, पण तो उद्या सकाळी नक्की जागेवर असणार होता. कोराडी, परळी किंवा एकलहरेच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेल्यांना यातली गोम पटकन कळेल. तिथे शाळा, दवाखाना, क्लब, मैदान, सगळं एका भोंग्याभोवती फिरतं, आणि भोंगा वाजत राहणार याची खात्री असते. अशा ठिकाणी टीम हा वसाहतीच्या हजेरीपटाचा भाग होऊन जातो. प्रायोजकाचा करार संपला म्हणून तो हजेरीपट फाडला जात नाही.

हंगामाचा मेळही मोठा गमतीचा. जुन्या पद्धतीत मंगोलियाची लीग वसंतात बर्फ वितळल्यावर सुरू व्हायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास संपायची. म्हणजे साधारण शहराची हीटिंग बंद होते तेव्हा फुटबॉल सुरू, आणि हीटिंग सुरू होते तेव्हा फुटबॉल आटोपतं. ऊर्जा एका वेळी एकाच ठिकाणी, असा जणू करार. अर्थात उन्हाळा म्हणजे औष्णिक केंद्रात सुट्टी असं कोणी समजू नये. बॉयलर उघडून दुरुस्ती करायचे तेच तर महिने.

गरुडाशी सामना

एर्चिमची मक्तेदारी सुरुवातीला अखंड नव्हती, आणि ती मोडणारी टीम मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे: खानगार्द. मंगोल बौद्ध परंपरेत खानगार्द म्हणजे पक्षीराज, म्हणजे आपलाच गरुड. हे नाव बौद्ध धर्माच्या वाटेने इथून तिकडे गेलं आणि शेवटी जर्सीवर आलं. ही टीम राजधानीची नाही, एर्देनेतची. एर्देनेत हे शहरच तांब्याच्या खाणीसाठी १९७० च्या दशकात वसवलेलं. तिथली तांबं-मॉलिब्डेनमची खाण हा देशाच्या तिजोरीचा एक मोठा खांब.

खानगार्दने २००१, २००३, २००४ आणि २०१० मध्ये विजेतेपद मिळवलं. एर्चिमनंतर एकाहून जास्त वेळा जिंकणाऱ्या टीमांत तीच पहिली. एक टीम कोळसा जाळणाऱ्या केंद्राची, दुसरी तांबं खणणाऱ्या गावाची, आणि बाकी शर्यतीत पाट्या बदलणारे. एखाद्या गावात मोठा, न हलणारा उद्योग असला की तिथली मुलं, प्रशिक्षक आणि मैदान एका जागी टिकतात. यादीतल्या इतर विजेत्यांबद्दल असं म्हणता येत नाही. आयटीआय बँक-बार्सचं नाव यादीत एकदाच येतं.

इथे एक तक्रार नोंदवायला हवी. ‘बारा विजेतेपदं’ हा आकडा मोठा वाटतो, पण तो ज्या लीगमधला आहे ती बराच काळ मोजक्या टीमांची, छोट्या हंगामाची आणि पूर्णवेळ व्यावसायिक म्हणता येणार नाही अशी होती. राष्ट्रीय संघाची अवस्था बघा. फिफाचं सदस्यत्व १९९८ मध्ये मिळालं आणि त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई खेळांत उझबेकिस्तानकडून १५–० असा मार बसला. २००१ मध्ये विश्वचषक पात्रतेत पहिल्यांदा उतरले, तेव्हा सौदी अरेबियाने दोन्ही सामन्यांत सहा-सहा गोल केले आणि बांगलादेशाशी २–२ अशी बरोबरी हीच कमाई ठरली. देशातल्या देशात जिंकणारी एर्चिम याच विहिरीतली होती.

२०१७: कामगार संघांचा गट

या सगळ्या प्रकरणाचा गाभा मला २०१७ च्या एएफसी कपमध्ये, म्हणजे आशियाई क्लबांच्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत, दिसतो.

आशियाई फुटबॉल महासंघाची तिसऱ्या पायरीची प्रेसिडेंट्स कप ही स्पर्धा २०१४ नंतर बंद झाली. लहान देशांच्या विजेत्यांना मग एएफसी कपचं दार उघडलं, आणि २०१७ पासून ती स्पर्धा विभागवार झाली. पूर्व आशियाचा वेगळा गट झाला. २०१६ चा विजेता म्हणून एर्चिम या गटात पोचला. दार उघडण्यामागे नियमबदल होता हे मान्य. पण दार उघडलं तेव्हा उंबऱ्याशी उभं राहायला कागदपत्रं लागतात: क्लब परवाना, कायदेशीर नोंदणी, हिशेब, युवा संघ. दर दोन वर्षांनी पाटी बदलणाऱ्या टीमला हे कागद जमवता येत नाहीत.

गट फक्त तीन टीमांचा. प्रत्येकी चार सामने. एर्चिमसोबत उत्तर कोरियाच्या दोन टीमा होत्या. एक ‘४.२५’. कोरियन जनसेनेच्या स्थापनेची म्हणून पाळली जाणारी २५ एप्रिल १९३२ ही तारीखच तिचं नाव, आणि अर्थातच ती सैन्याची टीम. दुसरी किग्वानचा. या कोरियन शब्दाचा अर्थ रेल्वे इंजिन. ती रेल्वेची टीम, चीनच्या सीमेवरच्या सिनुइजू शहराची.

आता हा गट पुन्हा एकदा वाचा. सैन्य, रेल्वे आणि वीजकेंद्र. २०१७ साली, जेव्हा आशियाच्या इतर भागांत क्लब म्हणजे ब्रँड, समभाग आणि प्रक्षेपणाचे हक्क झाले होते, तेव्हा पूर्व आशियाच्या या कोपऱ्यात अल्दार, झामचिन आणि अजिलचिन यांचाच जुना सामना नव्या जर्सीत चालला होता. मी हा गट पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोणीतरी गंमत म्हणून तयार केला असावा असं वाटलं होतं.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. गट ४.२५ ने जिंकला आणि एर्चिमचा प्रवास तिथेच थांबला. पूर्णवेळ सैनिकी शिस्तीत सराव करणाऱ्या टीमपुढे वीजकेंद्राची टीम कमी पडणारच होती.

पुढची गोष्ट मात्र आपल्या दाराशी येते. ४.२५ ची पुढच्या टप्प्यात गाठ पडली बेंगळुरू एफसीशी. २३ ऑगस्ट २०१७ ला बेंगळुरूने घरच्या मैदानावर ३–० ने मात केली. छेत्री, उदांता सिंग आणि गोव्याचा लेनी रॉड्रिग्ज यांनी गोल केले. परतीचा सामना प्योंगयांगमध्ये ०–० राहिला. बेंगळुरूचा मालक जेएसडब्ल्यू उद्योगसमूह. या समूहाचं रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला स्वतःचं औष्णिक वीजकेंद्र आहे. म्हणजे वीज दोन्हीकडे होती. फरक एवढाच की बेंगळुरूच्या नावात ती कुठेच नाही. तिथे शहर आहे, निळा रंग आहे, तिकीट काढून येणारा प्रेक्षक आहे. कंपनीने पैसा घालायचा पण पाटी गावाची लावायची, हे नवं तंत्र.

आपल्याकडेही जुनं तंत्र पाटीचंच होतं. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, रेल्वे, एअर इंडिया. गोव्यात खनिजवाल्यांच्या धेंपो, साळगावकर, सेसा. महिंद्र युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय विजेती झाली आणि २०१० मध्ये कंपनीने ती बंद केली. पाच राष्ट्रीय विजेतेपदं जिंकलेल्या धेंपोने २०१६ मध्ये साळगावकरसोबत आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. कंपनी ठणठणीत असूनही टीम बंद होऊ शकते, हे मुंबईकरांना आणि गोवेकरांना कोणी वेगळं सांगायला नको. त्यामुळे ‘मालक टिकला म्हणून टीम टिकली’ हे माझं वरचं म्हणणं अर्धंच खरं. टीम ठेवायची सवयही टिकावी लागते, आणि सरकारी वीजकेंद्रात सवयी लवकर मोडत नाहीत.

वर नवे आले

२०१८ चं विजेतेपद हे एर्चिमच्या बारांतलं शेवटचं. २०१९ मध्ये उलानबातर सिटी जिंकली. हा क्लब २०१६ मध्ये स्थापन झालेला, म्हणजे तीन वर्षांचं बाळ. पण त्याच्याकडे जी-मोबाइल अरेना नावाचं स्टेडियम होतं आणि नावात सरळ राजधानी होती. मग २०२० आणि २०२१ मध्ये अ‍ॅथलेटिक २२०. पुढे एफसी उलानबातर, मग एसपी फाल्कन्स. विजेत्यांच्या यादीत पुन्हा पाट्या बदलू लागल्या, फक्त या वेळी पाट्या चकचकीत होत्या.

एर्चिम बुडाला नाही. तो अचानक गरीबही झाला नाही. त्याच्याभोवतीची शर्यत बदलली. लीगमध्ये परदेशी खेळाडू येऊ लागले, विशेषतः जपानी. फेडरेशनच्या फुटबॉल सेंटरमधल्या कृत्रिम गवतामुळे हंगाम लांबवता आला. २०१९ मध्ये राष्ट्रीय संघाने ब्रुनेईला दोन सामन्यांत मिळून ३–२ ने हरवून विश्वचषक पात्रतेची दुसरी फेरी गाठली, आणि त्या फेरीत म्यानमारला १–० ने हरवलं. खेळाकडे थोडं लक्ष आणि थोडा पैसा वळला. (त्याच फेरीत जपानकडून १४–० असाही पराभव झाला, २०२१ च्या मार्चमध्ये, जपानमधल्या चिबा शहरात. कागदावर तो मंगोलियाचा घरचा सामना होता. कोविडमुळे घरच बदललं.) जून २०२३ मध्ये हाच राष्ट्रीय संघ भुवनेश्वरला आला आणि भारताकडून २–० ने हरला. सहल अब्दुल समद आणि छांगते यांचे दोन्ही गोल पहिल्या पंधरा मिनिटांतले.

पगारपत्रकावरची स्थिरता ही पैशाच्या दुष्काळात ताकद असते. पैसा वाहू लागला की तीच मर्यादा होते, कारण वीजकेंद्राला परदेशी स्ट्रायकरसाठी बोली लावता येत नाही. कोळशाचं बिल, विजेचा सरकारी दर आणि जुनाट बॉयलर यांच्यात फुटबॉलचा खर्च कुठल्या रकान्यात दाखवायचा, हा प्रश्न कोणत्याही लेखापालाला घाम फोडेल. एर्चिमने जो मार्ग धरला तो नावातच दिसतो. पुढे क्लब खान हुन्स–एर्चिम झाला. हुन्स म्हणजे अन्न. आधी खाद्यपदार्थांच्या कंपनीचं नाव, मग वीजकेंद्राचं. म्हणजे ज्या एका टीमची पाटी पाव शतक बदलली नव्हती तिच्याही पाटीवर शेवटी दुसरा रंग चढला.

दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं तेही बघण्यासारखं. राजधानीच्या बायानझुर्ख भागात इल्च नावाची एक टीम होती. इल्च म्हणजे उष्णता, ऊब. एर्चिमची शब्दार्थाने जवळची चुलत बहीणच. २०२३ मध्ये इटलीतल्या मिलानशी नाळ असलेल्या ब्रेरा होल्डिंग्ज या कंपनीने ती घेतली आणि ब्रेरा इल्च केली. ब्रेरा त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदली गेली होती. तिने मोझांबिक आणि उत्तर मॅसिडोनियातही क्लब जमवले होते. मग २०२५ मध्ये या कंपनीने सोलाना या क्रिप्टो चलनाच्या धंद्यात उडी घेतली आणि स्वतःचं नाव सोलमेट करायचं जाहीर केलं. उलानबातरमधल्या ‘उबे’चा मालक दोन वर्षांत फुटबॉल कंपनीतून क्रिप्टो कंपनीत बदलला, आणि मैदानात घाम गाळणाऱ्या पोरांचा त्या निर्णयाशी काडीचा संबंध नव्हता.

मला विचाराल तर इल्चपेक्षा एर्चिमच्या ड्रेसिंग रूममध्ये बसायला मला आवडेल. तिथे मालक कोण आहे हे खिडकीतून बाहेर पाहून कळतं. धुराडं दिसतं.

एक बदल मात्र सगळ्यांनाच लागू झाला. २०२१ नंतर मंगोलियाची लीग शरद ऋतूत सुरू करून मध्ये हिवाळ्याची लांब सुट्टी घ्यायची आणि वसंतात संपवायची, अशी रचना आली. त्यामुळे आता १५ सप्टेंबरला शहराच्या पाइपांत गरम पाणी सोडलं जातं तेव्हा लीगही ऐन भरात असते. काही आठवडे वीजकेंद्र आणि त्याची टीम एकाच वेळी कामावर असतात. मग थंडी वाढते आणि टीम सुट्टीवर जाते.